तिबुर्सियोचा हातोडा

तिबुर्सियोवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. लाकूड कंपनी गेली, शाळा बंद पडली, लोकांनी घरांच्या फळ्यासुद्धा उचकटून अगुसान नदीतून खाली नेल्या, आणि हा बाबा मात्र ओंडक्यांच्या धक्क्यावरच्या खोलीत ठाण मांडून बसला. अशा ओसाडीत उगाच कोण राहतं हो?

मीही राहिले, पण माझं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझा नवरा रोमुलो ओंडक्याखाली सापडून गेला. त्याच्या लाकूडतोड्यांच्या टोळीने त्याला उतारावरच्या मोठ्या लावानच्या झाडाखाली पुरलं. ज्या झाडाखाली माणूस पुरला, त्याला करवत लावायची नाही, हा टोळीचा रिवाज. ते झाड माझं होतं.

तिबुर्सियो कंपनीचा शिक्केवाला. हातोड्याच्या तोंडावर कंपनीची खूण कोरलेली. ज्या झाडावर तो ठोकायचा, तेच कापायचं. लग्न केलं नाही, सुकी मासळी नि भात खायचा, रविवारी माडी प्यायचा. पण चार पेले चढले तरी पोटातलं ओठावर आणायचा नाही. असल्या माणसाचा मला धसकाच.

कंपनी जाऊन अकरा वर्षं झाली आणि एक दिवस उतारावरच्या झाडांवर ताजे शिक्के दिसले. बुंध्यापासून पार वर शिडीच्या उंचीपर्यंत! त्याच महिन्यात खालच्या गावात लाकूडचोर उतरले होते. आणखी काय पुरावा हवा?

तशीच त्याच्या दारात गेले. आमच्यात थोरल्याला मानोंग नि थोरलीला मानांग म्हणतात, रागातही तोंडातून तेच निघालं. "मानोंग, म्हातारपणी जंगल विकायला काढलंत होय?"

"विकतंय कोण?"

"मग शिक्के काय शोभेला मारताय?"

"तेओफिला, तुला सांगितलं की उद्या बाजारभर होईल. घरी जा. आणि झाडांना हात लावू नकोस."

हात लावू नकोस म्हणे! मी रोमुलोच्या झाडाकडे धावले. त्याच्यावर तर सगळ्यांत जास्त शिक्के. मेल्याने मेलेल्यालाही सोडलं नाही! दोन दिवस शिडीवर चढून, कोयत्याने एकेक शिक्का तासून काढला. हाताची सालटी निघाली. मग वनचौकीत जाऊन त्याचं नाव सांगितलं. शिपायांनी त्याला हातोड्यासकट खाली नेलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

नवव्या दिवशी करवत वाजली. मी पोचेपर्यंत रोमुलोचं झाड आडवं झालं होतं. एकटं तेच. बाकी सगळी उभी.

"अरे मुडद्यांनो, हेच बरं सापडलं!" मी किंचाळले.

करवतवाला म्हणाला, "मानांग, बाकीच्यांवर बुडालेल्या कंपनीचा शिक्का आहे. रद्द झालेला. असला ओंडका पहिल्याच नाक्यावर पकडतात. तासत बसायला एकेका झाडाला दोन दिवस, कोणाला वेळ आहे? हे तेवढं कुणीतरी आयतं तासून ठेवलेलं."

मी खोडावर बसून माझ्याच कोयत्याचे घाव बघितले.

दुसऱ्या दिवशी चौकीत तक्रार मागे घ्यायला गेले. तिबुर्सियो बाकावर बसला होता. अंगातला सदरा मळलेला, दाढी वाढलेली. मला वाटलं, आता हा तोंडावर थुंकणार.

मला बघून तो उठला. "रोमुलोचं झाड उभं आहे ना गं? सगळ्यांत आधी तेच केलं होतं मी."

मी हो म्हणाले.