खालांचा पोपट आणि माझं बोट

खाला ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेल्या, तेव्हा त्यांचा पोपट आमच्या घरी आला. खाला म्हणजे आमच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. "पित्ताशयात खडे झालेत, लवकरच येते," असं सांगून गेल्या. हा पोपट त्यांना फार पूर्वी चिंचेखाली पडलेला सापडला होता. एक पंख कायमचा वाकडा. उडता येईना, म्हणून राहिला तो राहिलाच.

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. शाळा उघडायच्या तोंडावर आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दुपारी त्याची पाण्याची वाटी काढायला पिंजऱ्यात हात घातला आणि नेमका बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तो दचकला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या सांध्यात चोच रुतवली ती सोडेचना. सुटल्यावर मी हात धुतला, हळद दाबली, चिंधी गुंडाळली आणि परत मशीनवर बसले. दुखणं काढायला वेळ कुणाला होता?

तिसऱ्या दिवशी बोट टम्म फुगलं, ठणका खांद्यापर्यंत चढला.

डॉक्टरांनी चिंधी सोडली. "हळद भरलीत होय?" एवढंच म्हणाले आणि जखम उघडून पू काढला. टाके घातले नाहीत. "आतून भरत येऊ दे. सांध्याजवळ आहे, म्हणून हाडाचा फोटो काढून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन देतो."

"आणि कुत्र्याचं देतात ते?"

"पक्ष्यापासून रेबीज होत नाही. पण गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. आणि पुढं ताप-खोकला आला, तर घरात पोपट आहे हे आधी सांगायचं." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "हा पक्षी पाळायला बंदी आहे, माहीत आहे ना?"

"माझा नाही हो," मी म्हणाले. खरंच होतं, पण बोलताना चोरी पकडल्यासारखं वाटलं.

हाड वाचलं होतं. पण ड्रेसिंगला एक दिवसाआड जावं लागे. सोलापूरचं ऊन, तापलेली रिक्षा, बाकावर बसून नंबराची वाट. आतली पट्टी ओढून काढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. बाकावरची माणसं विचारायची, "काय झालं?" पोपट चावला म्हटलं की हसायची. पुढं पुढं मी "लागलं" म्हणून गप्प बसायला लागले. घरी आल्यावर अर्धवट बेतलेले शर्ट तसेच पडलेले. डाव्या हातानं कात्री धरून पाहिली, कापडच वाया गेलं.

"सोडून येतो त्याला कुठंतरी," एकदा नवरा वैतागून म्हणाला.

"उडता येत नाही त्याला."

"मग?"

मी पट्टीच्या हातानं पेरूची फोड गजातून आत सरकवली.

संध्याकाळी खालांचा फोन यायचा. मी तो पिंजऱ्याला लावून धरायची. "खाया क्या रे बेटा? मेरेकू भूल गया क्या?" पलीकडून बारीक आवाज. पोपट मान वाकडी करून ऐकायचा. मग खाला मला विचारायच्या, "तेरी मशीन की आवाज नहीं आती?"

"लाइट गेलीय खाला."

रोज कशी काय लाइट जाते, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या आल्या तेव्हा शाळा सुरू होऊन गेल्या होत्या. खाला वाळून निम्म्या झाल्या होत्या. डावा हात अंगाशी घट्ट धरलेला. दारातच त्यांची नजर माझ्या बोटाकडे गेली.

"ये क्या हुआ?"

"मशीनची सुई लागली."

त्यांनी माझा हात उजेडात धरला. "सुई का घाव ऐसा नहीं होता. मैंने भी खाई है उसकी चोंच." मग खुर्चीत बसल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "मैं भी झूठ बोली. पत्थर नहीं थे. छाती में गाठ थी. एक बाजू निकाल दिए."

मी उठले. चहा टाकला. दोघींनी तो प्यायला, पोपट मात्र आनंदानं किंचाळत राहिला.

पिंजरा उचलायची त्यांच्यात ताकद नव्हती. मीच तो त्यांच्या घरी नेला. आता दाणापाणीही मीच करते, हाताला जाड टॉवेल गुंडाळून. दुपारी आम्ही दोघी तिथंच बसतो. खाला व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं चढवत चढवत डावा हात वर नेतात, दुखलं की "या अल्ला" म्हणून थांबतात. मी कोमट पाण्यात बोट बुडवून ते मिटायचा प्रयत्न करते. जखम भरली, पण शेवटच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, बोट आता एवढंच मिटेल. बटणांची काजं करायचं काम मी दुसरीकडं द्यायला लागले.

"थक गई क्या?" खाला विचारतात.

"लई," मी म्हणते.

"मैं भी," म्हणून त्या पुन्हा हात भिंतीला लावतात.