नकाशांच्या खोलीतल्या मॅडम

वाहतूक पोलिसासारखा पंजा समोर धरायचा आणि म्हणायचं, "थांब. आधी मी पाहून येते, मग सांगते." पुढे काय शिकू, असं बारावीच्या कुणीही विचारलं की आमच्या भूगोलाच्या मॅडमचं हे ठरलेलं असायचं. मूल बिचारं उभ्या उभ्या उत्तर मिळेल या आशेनं आलेलं असे. त्याला पंधरा दिवसांनी यायला सांगितलं जाई, आणि पुढच्या शनिवारी मॅडम बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर दिसत, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा.

भाजीवाल्याकडून दुधी घेताना नख लावून पाहणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. मॅडम कॉलेजांना नख लावून पाहत.

हे काम त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. प्राचार्यांनी वर्षाची कामं वाटायला बैठक बोलावली, तेव्हा त्या गच्चीवर पर्जन्यमापकातलं पाणी मोजत होत्या. खाली येईपर्यंत क्रीडा, सहल, शिष्यवृत्ती सगळं वाटून झालं होतं. उरलं होतं 'करिअर मार्गदर्शन'. ते नेमकं काय असतं हे प्राचार्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून ते मॅडमना मिळालं. वेगळी खोली नव्हती. नकाशे ठेवायच्या खोलीत, गुंडाळलेल्या आशिया आणि आफ्रिकेच्या मधे, दोन खुर्च्या टाकून त्या बसू लागल्या. माझी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा भिंतीपलीकडे. त्यामुळे तिथलं सगळं बोलणं मला आयतं ऐकू येई.

पहिल्यांदा त्या खंडव्याला गेल्या, एका नर्सिंग कॉलेजचं वसतिगृह पाहायला. सोमवारी स्टाफरूममध्ये त्यांनी वही उघडून वाचून दाखवलं, "वरण पातळ. वॉर्डनबाई बऱ्या. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती."

"नव्हती म्हणजे?" मी विचारलं.

"आता आहे. सुतार येईपर्यंत बसले मी तिथं."

आम्ही पोट धरून हसलो. हिंदीच्या सरांनी विचारलं, "और पढ़ाई कैसी है वहाँ की?" मॅडमनी पान उलटलं. अभ्यासाबद्दल तीन पानं होती. आम्ही ऐकायला थांबलो नाही, तास सुरू झाला होता.

मी त्यांना फार छळलं, हे कबूल करतो. "मॅडम, हल्ली सगळं मोबाईलवर दिसतं. बसचे धक्के कशाला खाता?" त्यांचं उत्तर तयार असे. "फोटोतलं प्रत्येक कॉलेज नुकतं आंघोळ करून आलेलं असतं, सर."

एकदा चहाच्या वेळी मी म्हटलं, तुम्हाला भूगोलच का घ्यावासा वाटला? त्या कपात बिस्किट बुडवत म्हणाल्या, "वाटला नाही. मला झाडांचं शिकायचं होतं." त्यांचे वडील महाराष्ट्रातून इकडे कागद कारखान्यात नोकरीला आलेले. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मुलीला लांबच्या एका कॉलेजात घातलं. तिथं गेल्यावर कळलं की वनस्पतिशास्त्राचे मास्तर दोन वर्षांपूर्वीच सोडून गेलेत, आणि मुलींची राहायची सोय म्हणजे कुणाच्या तरी घराचा मागचा व्हरांडा. "आठ दिवसांत परत आले. बाबा म्हणाले, भूगोल घे, तो इथंच आहे." एवढं सांगून त्यांनी बिस्किट खाल्लं. 

तिसऱ्या वर्षी त्यांच्या रजा संपल्या. शनिवारचे भूगोलाचे तास बुडू लागले, तेव्हा प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की मार्गदर्शन वगैरे पुरे, पोर्शन पूर्ण करा. मॅडमनी वाद घातला नाही. नकाशांच्या खोलीच्या दारावर चिकटवलेला 'मार्गदर्शन' हा कागद त्यांनी नखानं सोडवून काढला आणि दोन खुर्च्या वर्गात नेऊन ठेवल्या.

त्याच आठवड्यात शाहपूरहून येणारी एक मुलगी त्या खोलीच्या दाराशी उभी दिसली. बारावीत विज्ञानाला होती, माझ्याच वर्गात. मागच्या बाकावर बसायची आणि पहिल्या बाकाइतके मार्क आणायची. मॅडमनी तिच्यासाठी इंदूरचं एक कॉलेज पाहून ठेवलं होतं. डोळे तपासायचा अभ्यासक्रम, ऑप्टोमेट्री. मॅडमना तो शब्द कधी जमला नाही, त्या 'ऑटोमेट्री' म्हणत. मुलीचे वडील शाहपूरहून केळी भरून ट्रक नेत. त्यांनी साफ नाही सांगितलं होतं.

"पप्पा म्हणतात, ऑटोरिक्षाचं शिकायला इंदौरला कशाला जायचं," मुलगी म्हणाली. हसावं की रडावं, असा तिचा चेहरा झाला होता. "मॅडम एक बार बोल लेती उनसे। पण मॅडमचं बंद झालं ना आता?"

मी स्टाफरूममध्ये आलो. हिंदीचे सर पेपर तपासत होते. मी म्हटलं, "शनिवारचे मॅडमचे तास आपण वाटून घेतले तर?" ते वर न पाहता म्हणाले, "मुझे नदियाँ दे देना, पहाड़ आप रखो।" गणिताच्या बाईंनी लोकसंख्या घेतली. अर्ज लिहिला, सह्या केल्या. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला, सही केली आणि मला म्हणाले, "तुम्ही भूगोल शिकवणार?" त्यांची शंका रास्त होती. पुढच्या वर्षभरात मी मान्सूनचे वारे अशा काही दिशांना वाहवले की मॅडमना सोमवारी ते परत वळवून आणावे लागत.

अर्ज मंजूर झाला हे सांगितलं तेव्हा मॅडमनी आभार मानले नाहीत. "शनिवारी तुम्ही पण चला," एवढंच म्हणाल्या. 'नुसतं पाहून तर या' म्हणत मॅडमनी मुलीच्या वडिलांना तयार केलं होतं, पण ते एकट्या बाईमाणसाबरोबर प्रवास करायला संकोचत होते, म्हणून माझी भरती झाली होती.

पहिल्या बसनं आम्ही चौघं निघालो. वडील आडव्या बांध्याचे, मिशीवाले, मितभाषी. आयुष्यभर गाडी हाकलेल्या या माणसाला दुसऱ्यानं हाकलेली गाडी लागते, हे असीरगडच्या घाटात कळलं. मॅडमनी पिशवीतून लिंबू काढून दिलं. त्यांनी ते नाकाशी धरलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "बरं झालं. आता भांडायची ताकद राहणार नाही."

कॉलेजात मॅडमनी कुणाला आधीच सांगून ठेवलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. सरावासाठी माणूस हवाच आहे म्हणत पांढऱ्या कोटातल्या एका विद्यार्थिनीनं वडिलांना खुर्चीत बसवलं. त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यातल्या वरच्या दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

"काका, खालच्या वाचा ना."

"खाली काही लिहिलेलंच नाही," ते शांतपणे म्हणाले.

त्यांची मुलगी खुर्चीमागे उभी होती. तिला शेवटची ओळसुद्धा दिसत होती. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

कोटातल्या पोरीनं जड फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली आणि एकेक भिंग बदलत गेली. चौथ्या का पाचव्या भिंगाला ते वाचू लागले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचली, त्याखालचं बारीक अक्षर वाचलं. फ्रेम काढायला तयारच होईनात.

 परतीच्या बसमध्ये घाट लागला तेव्हा ते म्हणाले, "ह्या घाटातून मी हप्त्याला दोनदा गाडी काढून राहिलो, सर. दहा वर्षं."  मग ते मॅडमकडे वळले. "पोरगी हे शिकली असती तर तिला कळलं असतं? मला दिसत नाही ते?"

"तिसऱ्या वर्षी," मॅडम म्हणाल्या.

 घाट उतरल्यावर त्यांनी विचारलं, "तिथं पोरींना आंघोळीला गरम पाणी मिळतं का?"

"गीझर एकच आहे, बारा जणींत. नंबर लावावा लागतो."

"लावील नंबर. थंडीत आजारी पडते ती," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मुलगी पुढच्या सीटवर होती. तिनं मागे वळून मॅडमकडे पाहिलं. मॅडम पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं दाखवत होत्या, पण पिशवीत आता रिकाम्या डब्याखेरीज काही नव्हतं.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यामागून शाहपूरच्या आणखी दोघी गेल्या, खकनारचा एक मुलगा दुग्धशाळेचं शिकायला गेला. सगळेच टिकले असं नाही. एक जण महिन्याभरात परत आला. मॅडम आधी त्याच्या घरी गेल्या, मग त्याच्या कॉलेजात जाऊन तिथल्या लोकांशी भांडल्या आणि मग त्याला दुसरीकडे घालून आल्या.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या आणि मुलाकडे नाशिकला गेल्या. नकाशांच्या खोलीत आता आम्ही पाळीपाळीनं बसतो. मुलं येतात, आमच्याशी बोलतात, आणि जाताना विचारतात, "मॅडमचा नंबर आहे का?"

त्यांच्या निरोपाच्या दिवशीचं सांगतो. सभागृह भरलं होतं. प्राचार्यांनी मार्गदर्शनाच्या कामाची इतकी स्तुती केली की हिंदीच्या सरांनी मला कोपरानं ढोसलं. शाल उलगडून प्राचार्य वळले तर मंचावरची खुर्ची रिकामी. मला शोधायला धाडलं.

मॅडम मागच्या पायऱ्यांवर होत्या. नवी रेशमी साडी नेसलेली, गळ्यात हार तसाच. शेजारी इच्छापूरची एक बाई बसली होती. तिच्या मुलीचा प्रवेश झाला होता आणि मुलीला पोचवून एकटीनं परत यायचं म्हणून बाई घाबरली होती. मॅडम खडूनं पायरीवर रस्ता काढत होत्या. "हा बसस्टँड. इथं उतरलात की उजव्या हाताला औषधाचं दुकान. तिथून सरळ. कुणाला विचारायची गरज नाही." बाई बोटानं त्या रेघेवरून एकदा जाऊन आली. मॅडम म्हणाल्या, "आता परत या." ती उलट दिशेनं बोट फिरवत बसस्टँडपर्यंत आली.

माझ्यामागे शाल हातात घेतलेले प्राचार्य येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे आणखी चारपाच जण. कुणीच हाक मारली नाही. बाईनं तो रस्ता पुन्हा पहिल्यापासून धरला होता.