आर्डिसबाईंनी ‘उत्तम’ लिहिलं त्या दिवशी

आर्डिस ओयालाचं तोंड फटकळ आणि लिहिणं त्याहून फटकळ, असं अमेरिकेतल्या डुलूथ गावचे स्कीवाले म्हणत. आणि तरी रोज सकाळी डोळे चोळत आधी तिचंच लिहिणं वाचत. गावातल्या टेकडीवरच्या स्कीच्या वाटेवर आज बर्फ कसा आहे, हे ती क्लबच्या संकेतस्थळावर लिहायची. फुकट. आधीचा माणूस सगळ्यालाच ‘छान’ म्हणायचा, म्हणून संतापून तिने हे काम हिसकावून घेतलं होतं. ‘स्कीच्या चाकोऱ्या तुडवल्यात. कुत्रं घेऊन कोण हिंडलं, ते मला माहीत आहे.’ ‘उतारावर नुसती काच. हाडं प्यारी असतील तर घरी बसा.’ रात्रभर भुरभुर पडून थंडी कडक राहिली, यंत्राने चाकोऱ्या अगदी रेखीव काढल्या, तरी बाई लिहिणार, ‘चालेल.’ आणि ‘चालेल’ वाचलं की निम्मं गाव ऑफिसात आजारी असल्याचं कळवायचं!

तिचा नवरा रूडी मात्र हिवाळाभर खुर्चीतून हलला नव्हता. पानगळीच्या दिवसांत त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. नाताळानंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता हिंडाफिरा, बेताने स्की केलंत तरी हरकत नाही. पण चालायला लागल्यापासून स्की करणाऱ्या या गड्याने धसकाच घेतला होता. आज थंडी फार, उद्या बर्फ कडक, परवा गुडघाच दुखतोय. आर्डिस आधी गोडीत बोलली, मग कडाडली, मग न्हाणीघरात नळ सोडून रडली. माणूस डोळ्यांदेखत मावळत चालला होता आणि तिचं काही म्हणता काही चालत नव्हतं.

‘‘तू ‘उत्तम’ लिहिशील ना, त्या दिवशी येतो,’’ रूडी एकदा म्हणाला.

‘‘म्हणजे कधीच येणार नाहीस. सरळ सांग की मेल्या!’’

फेब्रुवारीत उबदार वारा सुटला, वर पाऊस झाला. शनिवारी सकाळी आर्डिस वाटेवर चक्कर मारून आली. अर्ध्या वाटेवर पिवळं गवत, उरलेल्यावर चिखल. घरी येऊन ती कॉम्प्युटरपुढे बसली, खुर्चीतल्या रूडीच्या पाठीकडे बघितलं आणि लिहिलं, ‘उत्तम.’ एकदा तिथवर पोचला की बघू पुढचं पुढे, असा तिचा हिशेब. हे सगळं गाव वाचतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

रूडीने वाचलं. मग म्हणाला, ‘‘आता जायलाच हवं.’’ आणि स्की तयार करायला तळघरात उतरला.

टेकडीखाली गाडी लावायला जागा नव्हती. एवढी गर्दी तिथे शर्यतीलाही होत नसे. घट्ट विजारी घातलेली माणसं खांद्यावर स्की घेऊन चिखलात उभी होती आणि सगळ्यांत पुढे, कमरेवर हात ठेवून, चाकोऱ्यांचं यंत्र चालवणारा डेल.

‘‘आर्डिसबाई, यंत्र आणू की गवत कापायची गाडी?’’

‘‘नातीचा बाप्तिस्मा टाकून आलोय हो मी!’’ मागून कोणीतरी ओरडलं. ‘‘आता बायको मलाच पाण्यात बुडवणार!’’

आर्डिसचा चेहरा लाल झाला. ‘‘खोटं लिहिलं मी,’’ ती म्हणाली. ‘‘या म्हाताऱ्याला घराबाहेर काढायचं होतं. दुसरं काही सुचेना. काय शिव्या घालायच्यात त्या मला घाला.’’

रूडी आपल्या बुटांकडे बघत राहिला. डेलने कमरेवरचे हात काढले.

‘‘अहो, मग तसं लिहायचंत ना! रिकाम्या हाताने आलो नसतो.’’

त्याने छपरीतून फावडी काढली. पोरांच्या प्लास्टिकच्या घसरगाड्या आल्या. शर्यतीच्या आधी बर्फ कमी पडला की हे गाव हेच करतं. वाटेच्या कडेला स्प्रूसची दाट झाडं, त्यांच्या सावलीत अजून गुडघाभर बर्फ होता. तो खणायचा, घसरगाडीत भरायचा, ओढत आणून गवतावर पसरायचा. बाप्तिस्मावालाही घामाघूम झाला. दुपारपर्यंत पायथ्याच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मळकट पांढरा पट्टा तयार झाला आणि डेलने त्यावर वाकड्यातिकड्या दोन चाकोऱ्या ओढल्या.

आर्डिसने गाडीवरून रूडीच्या स्की उतरवल्या आणि तिची बोटं तळाला चिकटली. कोरड्या, चांगल्या बर्फासाठी स्कीच्या तळाला डबीतलं घट्ट मेण लावतात. हे होतं नळीतलं मधासारखं चिकट मेण, नासक्या, ओल्या बर्फाचं. घरीच, तळघरात लावलेलं.

‘‘तुला ठाऊक होतं?’’

‘‘छपरावरचा बर्फ वितळून सकाळपासून पाणी ठिबकतंय. मी आंधळा आहे का?’’

‘‘मग आलास कशाला?’’

‘‘शर्यत भरवणाऱ्या तुझ्या सख्ख्या भावासाठीही कधी खोटं लिहिलं नाहीस तू. बर्फ नाही म्हणून त्याची शर्यत रद्द झाली, तरी नाही.’’ रूडीने नाक पुसलं. ‘‘माझ्यासाठी लिहिलंस. मग खुर्चीत बसवेना.’’

तिने खाली वाकून त्याचे बूट स्कीत अडकवले, हातात काठ्या दिल्या. तो चाकोरीत उभा राहिला.

‘‘भीती वाटते गं.’’

‘‘मलाही,’’ आर्डिस म्हणाली. ‘‘हो पुढे.’’

आणि रूडी पुढे झाला.