आधीकाकांच्या उभ्या रांगा

प्रोग्राममधल्या तीन ओळी खोडून मी एका भल्या माणसाची नोकरी घालवली. नातवंडांना शिस्त शिकवणारी हीच ती आजी! तेव्हा मी चोवीस वर्षांची, गणितात पहिला वर्ग आणि अक्कल बेताचीच.

ऐंशीच्या दशकातली अंधेरीची कचेरी. भांडुपहून येणारं पाणी कमीत कमी विजेत टेकड्यांवरच्या वस्त्यांपर्यंत चढवायचं, तर कुठला पंप किती चालवायचा, हे आम्हाला काढायचं होतं. त्यासाठी दर टप्प्याला हजारो समीकरणं. ती एका दमात सुटत नसत. अंदाज घ्यायचा, चूक मोजायची, अंदाज सुधारायचा. निवृत्तीनंतर कंत्राटावर आलेले आमचे वरिष्ठ प्रत्येक वाक्य 'आधी'ने सुरू करत, म्हणून ते आधीकाका. चहासुद्धा आधी बशी पुसून. "आधी मॅट्रिक्सला माणसात आण गं, मग सोडवायला घे."

मॅट्रिक्स म्हणजे समीकरणांतल्या आकड्यांचा चौकोनी तक्ता; तिला माणसात आणायचं म्हणजे त्यातले वेडेवाकडे आकडे एका मापात बसवायचे. कर्णावरच्या, म्हणजे तक्त्याच्या तिरप्या मधल्या रेषेवरच्या, आकड्याचं वर्गमूळ काढून काका आडव्या ओळीला भागत, मग उभ्या रांगेलाही. "आडवीला केलंस ते उभीलाही कर. नाहीतर उभी रुसते." मला वाटलं, म्हातारा उगाच वेळ काढतोय. मी गुपचूप प्रोग्राममधल्या उभ्या रांगा भागणाऱ्या तीन ओळी खोडल्या आणि आडव्या ओळींना वर्गमुळाऐवजी अख्ख्या आकड्यानेच भागून मोकळी झाले. कर्णावर सगळीकडे एक आला. बाईसाहेब खूश!

पण काकांच्या सोडवण्याच्या रीतीला कर्णाच्या दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या लागत; माझ्या भागाकाराने त्या वेगळ्या झाल्या, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. भाड्याच्या कॉम्प्युटरवर आम्हाला तीनच पाळ्या होत्या. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर काम बंद आणि काका घरी. चूक जरा उतरायची, पुन्हा चढायची. दोन पाळ्या वाया गेल्या. काकांनी पंपांचे सगळे आकडे पुन्हा तपासले आणि चष्मा काढून म्हणाले, "माझीच रीत खोटी असेल गं." मी काय करावं? मान डोलावली!

तिसरी पाळीही गेली. काम गुंडाळलं गेलं. काकांचा खण आवरताना त्यांनी हाताने सोडवलेलं चार ओळींचं उदाहरण मला सापडलं. तेच माझ्या पद्धतीने करून पाहिलं, तर दोन्ही बाजू जुळेनात आणि उत्तर येईना. काकांची रीत खरी होती, चूक माझी होती.

तो कागद घेऊन पार्ल्याला त्यांच्या दारात गेले, सगळं सांगितलं आणि पदराने नाक पुसत रडत राहिले. काकांनी कागद पाहिला. मग पेन्सिल पुढे केली.

"आधी रडून घे. मग बस आणि उभ्या रांगा भाग. नोकरी माझी गेलीय. पाणी अजून टेकडीवर चढायचंय."