स्टारच्या पुढचा ‘के’

रिसॉर्टच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. ते आपणहून चेक-इन करतात आणि चेक-आउट करायचं विसरतात! कर्जतजवळच्या आमच्या रिसॉर्टवर मी सहा वर्षं फ्रंट ऑफिसला आहे. जवळच्याच शिळफाट्यावरून रोज स्कूटीनं येते. माझ्याकडं इतके किस्से साठलेत की एकेका दिवसाचेच चार-चार निघतील. आता हेच बघा ना, एका इंग्रजी शब्दानं एका दिवसात आमच्याकडं काय काय केलं ते!

आधी आमचे मॅनेजर भोईरसाहेब सांगायला हवेत. माणूस कामाचा, पण भयंकर संशयी. आजारपणाच्या रजेचा अर्ज दिला तर कागद उजेडाला धरून बघतात. एकदा एका पाहुण्यानं डोंगराकडं बघून नुसतं “वाव!” म्हटलं. साहेब माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, “स्नेहल, चांगल्या अर्थानं म्हणाला ना?”

* * *

त्या दिवशी सकाळी चार नंबरच्या बाई चेक-आउट करून गेल्या. पुण्याच्या, घरांची डिझाइन्स करणाऱ्या. एकट्याच तीन दिवस राहिल्या होत्या. फीडबॅक कार्डावर त्यांनी एकच ओळ लिहिली होती: ‘द रूम इज स्टार्क.’

साहेबांनी चष्मा पुसून ती तीनदा वाचली.

“स्टार दिलाय ना? मग पुढं के कशाला लावला?”

“सर, स्टार्क. तो वेगळा शब्द आहे.”

“बघ, लगेच बघ! शिवी असली तर मालकांच्या आधी आपल्याला कळली पाहिजे.”

* * *

मी ड्रॉवरमधली डिक्शनरी काढली. उघडा, बोडका, रुक्ष, कठोर, कडक. शेजारी बेअर, हार्श, सिव्हिअर असे त्याचे भाऊबंद. आणि वाक्यात उपयोग म्हणून नेमकं ‘स्टार्क नेकेड’! मी सगळं मोठ्यानं वाचलं, वर या शेवटच्याचा अर्थही सांगितला: अंगावर एक चिंधी नाही इतका उघडा.

तिथंच चुकलं. मागं कमलताई लादी पुसत होत्या. कमलताई लोधिवलीच्या, अकरा वर्षं आमच्या हाउसकीपिंगला.

पोछा थांबला. “कोन उघडं? चार नंबरवाली?”

“अहो ताई, खोलीबद्दल लिहिलंय.”

“खोलीला कापडं कदी होती गं? ती बाई तीन दिस मला आत येऊ देत नव्हती. टावेल दारातूनच घ्यायची. आता समाजलं!”

बादलीत साबणाची पावडर ओतून त्या तरातरा निघाल्या.

“ताई, कुठं?”

“खुर्ची धुवाय!”

* * *

किचनच्या खिडकीतून आमचे आचारी दत्तूभाऊ ऐकत होते. त्यांच्या कानावर एकच शब्द पडला, ‘कडक’. म्हणजे बाईंनी आपल्या चहाची तारीफ केली! पाच मिनिटांत मेनूच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं: ‘स्पेशल स्टार्क चहा’.

“दत्तूभाऊ, हा कडक तसला नाही. मास्तर कडक असतात ना, तसला!”

दत्तूभाऊंनी खडू खाली ठेवला. माझ्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

“म्हंजे माजा चहा पिऊन मानसं घाबरतात, असं लिवलंय का तिनं?”

* * *

तेवढ्यात कमलताई परत आल्या. हात ओले, चेहरा उतरलेला.

“गं, खोलीत कायच नाय! भिंतीवरचं चित्र नाय, दिवा नाय, फुलं नाय, गालिचा नाय. नुसता पलंग न् खुर्ची!”

साहेबांनी कार्ड पुन्हा वाचलं. “बेअर! रिकामी! बाई तक्रार करून गेली, आणि आपण शब्दाचे अर्थ काढत बसलोय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “चार नंबरची दुसरी चावी कोणाकडं असते?”

ती कमलताईंकडं असते. सगळ्यांना माहीत होतं. ताईंनी पदराला हात पुसले आणि कामाला गेल्या.

पाच वाजता त्या घरी निघाल्या तर साहेब गेटवर उभे. “पिशवी दाखवा.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा! पिशवीत डबा, बीपीच्या गोळ्या आणि एक वही. वहीत वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत शब्द: लॅम्प, पिलो, कार्पेट. प्रत्येकापुढं खोलीचा नंबर.

“ही बघा यादी!” साहेब सगळ्यांपुढं एकेक शब्द वाचायला लागले.

मला तेव्हा उमगलं. गेला महिनाभर ताई फर्निचर पुसता पुसता मला विचारायच्या, “उशीला इंग्रजीत काय म्हंतात गं? अक्षरं सांग.” मला वाटायचं, गंमत म्हणून विचारतात. वस्तू ज्या खोलीत दिसली तिचा नंबर त्या शब्दापुढं लिहून ठेवत असणार.

“सर, त्या शिकताहेत,” मी म्हटलं.

“या वयात? कशासाठी?”

ताई एवढंच म्हणाल्या, “वही द्या.” पिशवी उघडल्यापेक्षा वही वाचल्याचं त्यांना जास्त लागलं होतं. डोळे भरले होते, पण मान खाली घातली नव्हती.

“उद्यापर्यंत वस्तू सापडल्या नाहीत तर कामावर येऊ नका,” साहेब म्हणाले.

* * *

पाहुण्यांना फोन करायचा नाही, रेटिंग जातं, हा साहेबांचा हुकूम. पण ते सगळे अर्थ मीच मोठ्यानं वाचले होते. ताई रिक्षाची वाट बघत गेटबाहेर थांबल्या होत्या, मी पार्किंगमध्ये जाऊन पुण्याच्या बाईंना फोन लावला.

“अगं, सगळं पलंगाच्या पोटात आहे! वरची फळी उचल,” बाई हसत म्हणाल्या. “मला मोकळी खोली लागते. बाहेर काढून ठेवायचं राहिलंच बघ. आणि मी तर कौतुक लिहिलं होतं! आमच्या कामात स्टार्क म्हणजे साधं, मोकळं; शिवी नाही.”

ताईंना हाक मारून मी मागं बोलावलं, साहेबांनाही सोबत घेतलं. आम्ही तिघं चार नंबरमध्ये गेलो, फळी उचलली. चित्र, दिवा, फुलं, गालिचा, सगळं चादरीत नीट गुंडाळून ठेवलेलं!

“चला, मिटलं,” साहेब म्हणाले. “सॉरी हं कमलताई. माझी ड्यूटी आहे ना.”

ताईंनी दिवा पुसून जागेवर ठेवला. चित्र भिंतीला लावलं, सरळ आहे का बघितलं. आम्ही रिसेप्शनला आलो. साहेबांनी आपली काळी बॅग खांद्याला लावली आणि निघाले, तर ताई दारात उभ्या.

“साहेब, आता तुमची पिशवी दाखवा.”

साहेब हसले. मी हसले. खिडकीतून दत्तूभाऊ हसले. कमलताई हसल्या नाहीत.

“अहो ताई, मी मॅनेजर आहे!”

“हो ना. मंग दाखवा.”

साहेबांनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, घड्याळात बघितलं आणि किचनच्या मागच्या दारानं निघून गेले!