आमची गाडी तापत का नव्हती

मागच्या महिन्यातला शनिवार. शाळेत रजा टाकून मी आदल्या संध्याकाळी आईला आणायला नांदेडला गेले होते आणि सकाळी सातलाच तिला घेऊन लातूरकडे निघाले. थंडी चांगलीच होती, म्हणून हीटर लावला.

गाडी माझी. सोळा वर्षं जुनी, पेट्रोलवरची, सेकंडहँड घेतलेली. मी राहते लातूरला आणि रेणापूरच्या पुढे एका गावात विज्ञान शिकवते. आधी एस.टी.ची वाट बघण्यात जीव जायचा… ही आली आणि माझा वेळ माझ्या हातात आला.

पण दोन वर्षांपासून तिचं पेट्रोल काही पुरेना. लिटरला पंधरा देणारी गाडी नऊवर आली. या हिवाळ्यात तर नवीनच सुरू झालं… सिग्नलला किंवा गतिरोधकापाशी स्लो केली की बंद. मागून हॉर्न, आणि गाडीतल्या माझ्या दोन सहकारी मॅडम घड्याळाकडे बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तीन गॅरेज झाली. फिल्टर बदलला, पेट्रोल पंप बदलला, इंजेक्टर साफ केले. प्लग बदलले की पंधरा दिवस बरं चालायचं, मग परत तेच. काढलेले प्लग दरवेळी काजळीने काळेकुट्ट. एका मेकॅनिकने तर माझं अर्धवट ऐकून ‘साहेबांचा नंबर द्या’ म्हटलं होतं. सगळ्यांचा सल्ला एकच, जुनी झाली, काढून टाका. शेवटी आमच्या यांनीही गिऱ्हाईक बघितलं. ते रविवारी गाडी बघायला येणार होतं… म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

तर त्या शनिवारी अहमदपूर जवळ आलं तरी आई शाल घट्ट लपेटूनच बसलेली. शेवटी म्हणाली, “अगं, बंद कर ते. गरम कुठलं, गारच वारं येऊन राहिलंय.”

मी हीटरच्या जाळीपुढे हात धरून बघितला. खरंच गार. मग नजर समोरच्या टेम्परेचरच्या काट्यावर गेली… तो अगदी तळाशी. सत्तर किलोमीटर गाडी पळवूनसुद्धा इंजिन गरमच झालेलं नव्हतं!

‘आमची गाडी कधी तापत नाही’ असं मी दोन वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. ती न तापणं हाच तर आजार नसेल?

बाकीचा सगळा रस्ता डोक्यात तेच. गाडीतला कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं समजत असणार. थंड इंजिनाला तो जास्त पेट्रोल देतो. ते नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, गाडी बंद पडते. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी बसत होती. पण मग इंजिन गरम का होत नाही?

आईला घरी सोडून मी थेट चाँदभाईंच्या गॅरेजवर गेले. आमच्या भागातलं छोटंसं गॅरेज, तिथे मी याआधी फक्त पंक्चर काढायला गेले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. आधी त्यांना टेम्परेचर सेन्सरचा संशय आला, तो मीटर लावून तपासला… ठीक निघाला.

मी म्हटलं, “भाई, थर्मोस्टॅट उघडून बघा.” थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी छोटीशी झडप. ती उघडीच अडकली असेल तर इंजिन गारच राहणार.

त्यांनी पाना घेतला, दोन बोल्ट काढले, आत बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, ह्यात थर्मोस्टॅटच न्हाई.”

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गाडी रस्त्यात तापली होती. तिथल्या एका मेकॅनिकने काहीतरी काढलं आणि आता आयुष्यात तापणार नाही म्हणाला. आम्ही खुशीत निघालो होतो… तीन गॅरेजवाल्यांनी जे होतं ते तपासलं. जे नव्हतंच, ते कोण तपासणार?

चाँदभाईंनी नवीन थर्मोस्टॅट आणवला. बसवायच्या आधी चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी आणून त्यात सोडला. झडप हळूहळू उघडली आणि माझ्यातली मास्तरीण खूश झाली. मुळात गाडी तेव्हा तापली कशाने, हेही त्यांनी शोधलं. रेडिएटर निम्मा चोंदला होता, तोही साफ करून घेतला.

संध्याकाळी गाडी चालवून बघितली. काटा हळूहळू चढायला लागला… मधोमध आला आणि थांबला. पाच नंबर चौकातल्या सिग्नलला गाडी उभी, इंजिन चालू. सिग्नल हिरवा झाला तरी मी दोन सेकंद तो आवाज ऐकत बसले.

घरी आल्यावर यांना एक चक्कर मारायला लावली. परत आल्या आल्या त्यांनी फोन काढला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, “येऊ नका, गाडी द्यायची नाही. आमच्या मिसेसनी दुरुस्त केली.”

आज महिना झाला. एकदाही बंद पडली नाही आणि लिटरला पुन्हा चौदा देतेय. शाळेत, शेजारी, दूधवाल्यालासुद्धा सांगून झालंय… म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

बावीस वर्षं मी वर्गात उष्णतेचा धडा शिकवते. पण उघड्या बॉनेटसमोर उभं राहून ‘हे उघडून बघा’ म्हणायला वेगळा धीर लागतो, तो मला या वयात सापडला. आणि माझं ऐकून, काही न विचारता पाना हातात घेणारे चाँदभाई भेटले… त्यांचे मनापासून आभार.