वास

वडीगोद्रीला माझ्या गॅरेजात एक बाई कार घेऊन आल्या. "भाऊ, आत पेट्रोलचा वास येऊन राह्यलाय."

मी हुंगून पाहिलं. "बिलकुल न्हाई ताई. उगंच भास होतोय तुम्हाला," मी फटकन बोललो.

पण इंजिनाचा दिवा पेटलेला होता, म्हणून टाकीच्या लाइनमध्ये मशीननं धूर सोडून पाहिला. पेट्रोलची वाफ नेणाऱ्या चिरलेल्या पाइपातून तो भसाभसा बाहेर आला. बाई नाकाला पदर लावून उभ्या. मला मात्र कसलाच वास नाही.

संध्याकाळी गॅरेजच्या कपड्यांतच घरी गेलो. बायकोनं नेहमीसारखं माझं ताट दाराशी वाढलं. "तिथं वारं बराबर लागतंय तुम्हाला," म्हणाली.

आजवर मला ती माझी काळजी वाटायची.